नागलीची खळ

विमलबाई राऊत यांना मी प्रथम पाहिले तेव्हा त्या एक जास्वंद उसवत होत्या. मोखाड्याच्या रस्त्यावरच्या आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या पडवीत त्या पाटावर बसल्या होत्या. मी साखरशेतहून आले होते, पाचवी पास होऊन. वडील पत्र्याची पेटी खाली ठेवून ऑफिसच्या खिडकीशी उभे होते आणि मला कुठे उभे राहावे ते कळत नव्हते. बाईंनी मान वर न करता विचारले, "किती पाकळ्या?"

"पाच."

"बघून सांगितलंस, की माहीत होतं?"

"माहीत होतं."

"मग बघून सांग."

मी वाकून मोजल्या. पाचच होत्या. "आता बरोबर," बाई म्हणाल्या.

या वर्षी बाई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादकांनी मला त्यांच्या फुलांच्या वर्गाविषयी लिहायला सांगितले. आठवणी प्रसन्न असाव्यात, असेही सांगितले. बाईंविषयीची माझी मुख्य आठवण प्रसन्न नाही. ती वगळून लिहिले तर बाईंचे काम कशावर उभे आहे ते कळणार नाही, म्हणून ती बाईंना विचारून लिहिते आहे.

बाईंचे माहेर केळव्याच्या बाजूला, समुद्राकाठी. वडिलांची फुलांची वाडी होती. लग्न होऊन त्या जव्हारला आल्या तेव्हा इथे समारंभाची फुले खालून एसटीने येत आणि घाट चढेपर्यंत माना टाकत. वसतिगृहातल्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी पाहुण्यांना द्यायचा गुच्छ वाटेत कोमेजला. बाईंनी पताकांचा उरलेला कागद घेतला आणि तासाभरात शेवंतीची सात फुले केली. तिथून वर्ग सुरू झाला.

वर्गाला लागणारे सामान फार नव्हते. क्रेप कागद, बांधायची तार, मक्याच्या कणसावरची वाळलेली साले, फुलाच्या गाभ्यासाठी सावरीचा कापूस. पद्धत मात्र ठरलेली होती. आधी खरे फूल आणायचे, तेही गळलेले, तोडलेले नाही. ते उसवायचे. प्रत्येक पाकळी कागदावर ठेवून तिच्या कडेने पेन्सिल फिरवायची. दोन पाकळ्या सारख्या नसतात, म्हणून एकच खाका करून सगळ्या कापायला बाईंची परवानगी नसे. कापलेली पाकळी दोन अंगठ्यांनी मधोमध ताणली की कागदाला खोली येते. देठाला तार, तारेवर तपकिरी किंवा हिरवी पट्टी. हे शिकायला मला दोन वर्षे लागली.

बोहाड्याच्या, म्हणजे देवांची सोंगे नाचवण्याच्या उत्सवाच्या, दिवसांत गावोगावचे लोक सोंगांच्या मुकुटांसाठी फुले न्यायला येत. एकदा जामसरचे एक वयस्क गृहस्थ तक्रार घेऊन आले.

"बाई, गेल्या साली भर नाचात देवाच्या डोक्यावरनं फूल पडला. लोक मला हसलं. मी चुकलो नव्हतो, तुमचा फूल चुकला."

बाईंनी मुकुट मागवला, फुलांना दुहेरी तार घातली आणि म्हणाल्या, "आता नाचून दाखवा."

"हितं?"

"इथंच. पडायचं असेल तर माझ्यासमोर पडू दे."

साठीचे ते गृहस्थ मुकुट घालून पडवीत, चाळीस मुलींसमोर, घाम येईपर्यंत नाचले. फूल पडले नाही. बाई हसल्या नाहीत. त्या पूर्ण वेळ मुकुटाकडे पाहत होत्या. आपल्या हातून गेलेल्या वस्तूचे पुढे काय होईल ही धास्ती बाईंच्या स्वभावातच होती. आमच्यातल्या काहीजणी त्या धास्तीची नक्कल करत. मीही केली आहे.

आता खळीविषयी. कागद चिकटवायला बाई दोन प्रकारची खळ शिजवून घेत. पाकळ्यांना मैद्याची, कारण ती पांढरी राहते. देठांना नागलीची. आमच्याकडे नाचणीला नागली म्हणतात. घरोघरचे पालक मुलींबरोबर पायलीभर नागली आणून देत, त्यामुळे ती वसतिगृहात असायचीच, आणि तिचा तपकिरी रंग देठावर दिसत नसे. पण पिठाच्या खळीला कसर लागते. पावसाळ्यात किडे देठ पोखरतात. म्हणून पुस्तके बांधणारे घालतात तसे बाई खळीत चिमूटभर मोरचूद घालायला सांगत. मोरचूद निळे आणि विषारी असते. ते बाईंच्या कपाटात, कुलपात असे. सकाळी ज्या मुलीकडे खळीचे काम असेल तिने किल्ली मागायची, चिमूटभर घ्यायचे, दगडाने कुटून खळीत टाकायचे, आणि किल्ली परत द्यायची.

मी दहावीत होते तेव्हा ते काम माझ्याकडे होते.

दिवाळीची सुट्टी संपून वसतिगृह नुकतेच भरले होते. भात झोडून झाले की आमच्या भागातली माणसे वीटभट्ट्यांवर जातात. ज्यांची मुले लहान आहेत ती बरोबर नेतात, काहीजण वसतिगृहात सोडतात. त्या दिवशी दुपारी सहा-सात वर्षांच्या एका मुलीला तिच्या मावशीने पाड्यावरून चालत आणून सोडले आणि परतीची वाट लांब म्हणून मावशी लगेच निघून गेली. तिचे नाव इथे बुधी असे लिहिते. आम्ही सगळ्या शेजारच्या शाळेत होतो. जेवणे उरकली होती. स्वयंपाक करणाऱ्या काशीबाई मागे विहिरीवर गेल्या होत्या. बाई जव्हारला कागद आणायला गेल्या होत्या. पडवीतल्या चुलीवर सकाळच्या नागलीच्या खळीचे पातेले झाकून ठेवलेले होते, अर्धे भरलेले.

बाई परतल्या तेव्हा पातेले मोरीजवळ पालथे घातलेले होते, घासून लख्ख. बुधी पडवीत पाय पसरून बसली होती.

"हे पातेलं कुणी धुतलं?" बाईंनी विचारले.

"मी धवला."

"आत होतं ते?"

"आंबील? ती खाल्ली. माना वाटला माजीच हाय." मग ती म्हणाली, "मीठ नव्हता."

तिची चूक नव्हती. आमच्याकडे उशिरा येणाऱ्यासाठी चुलीवर झाकून ठेवायची रीत आहे, आणि ज्याने खाल्ले त्याने भांडे धुवायचे ही दुसरी रीत. तिच्या आईने तिला दोन्ही शिकवल्या होत्या.

मला वर्गातून बोलावून घेतले. काशीबाई तोवर रस्त्यावर जीप थांबवायला पळाल्या होत्या. बाई मला चुलीपाशी घेऊन गेल्या. त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता. "आज खळीत मोरचूद घातलं होतंस?"

मला आठवेना. जव्हारला निघायच्या गडबडीत आपण किल्ली दिली होती की नाही, हे बाईंनाही आठवत नव्हते. रोज घालत होते. रोजचे घालणे सारखेच असल्यामुळे त्यातली एक सकाळ वेगळी काढता येईना. आदल्या दिवशीची चिमूट आठवत होती, की त्याच दिवशीची, की परवाची. पातेले चाटून पाहावे तर ते धुतलेले होते. कुटायच्या दगडावर निळे डाग होते, पण ते कायमचेच होते.

"आठवू नको," बाई म्हणाल्या. "करून दाखव. सकाळी केलंस तसं."

मी चुलीपुढे बसले. रिकाम्या हाताने पाणी ओतले, पीठ कालवले, ढवळले. मग माझा हात किल्लीसाठी उचलला गेला. पण तो रोजच्या सवयीने उचलला गेला, की त्या सकाळीही उचलला होता, हे सांगता येईना. मी बाईंकडे पाहिले.

"यातून कळणार नाही," त्या म्हणाल्या. "चल."

त्यांनी मोरचुदाची पुडी बरोबर घेतली, बुधीला कडेवर घेतले आणि आम्ही जीपमध्ये बसलो. बुधी पहिल्यांदाच गाडीत बसत होती. ती बाहेरची झाडे मागे पळताना पाहून हसत होती.

"कुणाला बरं नाय?" ड्रायव्हरने विचारले. "ही तर हसते."

"तू चालव," बाई म्हणाल्या.

वळणे सुरू झाली आणि बुधी ओकली. बाईंनी पदर पुढे केला, त्यात झेलले, आणि पदर उजेडात धरून पाहिला. मी विचारले, "निळं आहे?"

"नाही." पदर गुंडाळत त्या म्हणाल्या, "पण रंगाचं काही खरं नाही. नागलीत सगळे रंग बुडतात."

ड्रायव्हर आरशातून पाहत होता. "गाडी लागली असंल, बाई. ह्या वळणांवर मोठ्या माणसांना लागते. टेन्शन घेऊ नका."

"असेल. तू चालव."

जन्मभर कागदाच्या रंगांवर काम केलेल्या बाईने रंगावर विश्वास ठेवायचे नाकारले, हे माझ्या पुढे बऱ्याच वर्षांनी लक्षात आले. त्या वेळी मी फक्त बुधीच्या तोंडाकडे पाहत होते.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी पुडी उघडून पाहिली. किती घालता, म्हणून विचारले. बाईंनी चिमूट करून दाखवली. किती खाल्ले, म्हणून विचारले. बुधीने दोन्ही हात गोल करून पातेले दाखवले. डॉक्टर म्हणाले, "घातलं होतं की नव्हतं, ते नक्की सांगा."

"घातलं होतं असं धरून चाला," बाई म्हणाल्या.

"कुणी घातलं?"

"मी."

मी तिथेच उभी होते. केसपेपरवर बाईंचे नाव लिहिले गेले.

डॉक्टरांनी करायचे ते केले, सलाईन लावले आणि वाट पाहायला सांगितले. आम्ही बाकावर बसलो. बाईंचे हात मी कधी रिकामे पाहिले नव्हते. त्या दिवशी ते मांडीवर पालथे पडले होते. बऱ्याच वेळाने त्या उठून बुधीजवळ गेल्या आणि विचारले, "तुझे आईबाबा कुठं गेलेत?"

"भट्टीवर."

"कुठल्या भट्टीवर?"

"इटांच्या."

बाई परत येऊन बसल्या. बातमी द्यायची वेळ आली तर ती कुणाला द्यायची, हे आम्हाला माहीत नव्हते. त्या बाकावर याहून वाईट विचार मी केला नाही, आणि बाईंनीही याहून वाईट विचार केला नसावा. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. धीरही दिला नाही. "होईल सगळं ठीक," असे त्या म्हणाल्या नाहीत, कारण ते त्यांना माहीत नव्हते.

ऊन उतरले तेव्हा बुधीने नर्सकडे खायला मागितले. डॉक्टरांनी पुन्हा तपासले आणि धोका दिसत नाही म्हणाले, पण सकाळपर्यंत ठेवून घेतले. बाई तिच्याजवळ थांबल्या. मला त्यांनी शेवटच्या गाडीने परत पाठवले.

दुसऱ्या दिवशी बुधी बाईंचे बोट धरून वसतिगृहात आली तेव्हा काशीबाई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. आदल्या दुपारी रस्त्याच्या मधोमध उभे राहून त्यांनीच जीप अडवली होती. त्या म्हणाल्या, "माझ्या हातच्या आमटीला ह्या पोरी नाकं मुरडतात, आणि बाईंची खळ पातेलं पुसून खातात. बाई, उद्यापासून स्वयंपाक तुम्हीच करा." बुधी हसली. काशीबाई आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेने बाईंकडे खुलासा मागितला. त्यांनी लिहून दिलेला कागद अर्ध्या पानाचा होता. खळ माझी, कपाट माझे, किल्ली माझी, असा त्याचा आशय. मुलींचा दोष नाही, एवढे एक वाक्य वेगळे. माझे नाव त्यात कुठेही नव्हते. वर्ग बंद करावा असे काहींचे मत पडले आणि दोन महिने तो बंद होता. बाईंनी त्यावर भांडण केले नाही. मोरचूद त्यांनी फवारणीसाठी एका आंब्याच्या बागवाल्याला देऊन टाकले.

वर्ग पुन्हा सुरू झाला तेव्हा त्यांनी एक नियम केला: जिथे मुली जेवतात तिथे खाता येणार नाही असे काही शिजवायचे नाही. आणि तो नियम त्यांनी आपल्यापासून लावला. खळ शिजली की वर्गापुढे उभे राहून त्या स्वतः चमचाभर खात. मग थोडा वेळ थांबत. त्यानंतरच मुलींनी खळीत बोट घालायचे. पाहुणे हे पाहून हसत. एका साहेबांनी विचारले होते, "बाई, हा काय प्रसाद आहे?" बाई म्हणाल्या, "नाही, तपासणी आहे." अधिक काही सांगितले नाही. चुलीवर एक पातेले मात्र तेव्हापासून कायम राहिले, वेळेवर न आलेल्या मुलीसाठी झाकलेले, खऱ्या आंबिलीचे.

या नियमाची किंमत बाईंच्या फुलांनी मोजली. ती टिकेनाशी झाली. एका पावसाळ्यात देठ पोकळ होत. नेहमीची गिऱ्हाइके तक्रार करू लागली, काही सुटली. बाई त्यांना शांतपणे सांगत, "बाजारातलं खरं फूल दोन दिवस टिकतं. त्याची तक्रार घेऊन कुणी येत नाही."

मी दहावी झाले, जव्हारच्या कॉलेजात जाऊ लागले, राहायला वसतिगृहातच होते. घातले होते की नव्हते, हा प्रश्न माझ्याबरोबर होता. बुधी धडधाकट होती, माझ्या अंगावरून धावत जायची. तरी प्रश्न होता. घातले असेल आणि ती वळणावर ओकली म्हणून वाचली असेल, तर मी काय केले होते?

भाद्रपदात एका रविवारी बाईंनी मला बोलावले. त्यांच्यासमोर बिस्किटांचे दोन डबे होते. त्या सकाळच्या खळीने चिकटवलेले देठ बाईंनी त्याच दिवसांत वेचून एका डब्यात ठेवले होते. दुसऱ्यात त्याच्या आदल्या आठवड्याचे. मला कळू न देता दहा महिने त्यांनी ते जपले होते, पाऊस येऊन जायची वाट पाहत. त्यांनी आधी आदल्या आठवड्याचा डबा उघडला. देठ जसेच्या तसे होते. मग दुसरा उघडला. त्यात उघड्या तारा होत्या आणि खाली तपकिरी भुगा.

"तू घातलं नव्हतंस," बाई म्हणाल्या.

मी रडले. त्यांनी मला रडू दिले. नंतर डब्यांची झाकणे लावत म्हणाल्या, "तू विसरलीस म्हणून ती वाचली. पण कुणीतरी विसरेल या भरवशावर मुलं सांभाळायची नसतात. चूक माझी होती, ती माझीच राहिली. तू तुझ्या अभ्यासाला लाग."

हे छापावे का, हे विचारायला मी गेल्या महिन्यात बाईंच्या खोलीवर गेले होते. त्या म्हणाल्या, "आधी तिला विचारलंस का?" मी बुधीकडे गेले. तिला आता दोन मुले आहेत, नवऱ्याबरोबर भात आणि नागली पिकवते. ती म्हणाली, "लिवा ना बाई. पन नाव नका टाकू. सासू म्हनंल, सून खळ खाऊन वाढली." म्हणून नाव बदलले आहे.

बाई निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी दर गुरुवारी त्या एसटीने वर्गाला येतात. मी आता जव्हारच्या शाळेत मराठी शिकवते आणि गुरुवारी दुपारी त्यांच्या हाताखाली असते. त्यांचा हात कापतो. कात्री त्या धरत नाहीत, पाकळी ताणून दाखवतात, तीही कधीकधी फाटते. एसटीची पायरी उंच आहे. त्या उतरेपर्यंत मी थांब्यावर उभी असते आणि माझा जीव थाऱ्यावर नसतो. मुली मोबाइलवर बघून फोमची फुले करायला मागतात, गरम गोंदाचे पिस्तूल आणतात. बाईंनी नाही म्हटले नाही. मागच्या वर्षी त्यांनी तो गोंद आधी स्वतःच्या बोटावर लावून पाहिला. फोड आला. "आठवीच्या खाली कुणालाही द्यायचं नाही," असे त्यांनी सांगितले आणि फोड आलेले बोट प्रत्येक मुलीला जवळून दाखवले. मी रागावले. त्या म्हणाल्या, "मग कुणाच्या बोटावर बघायचं होतं?"

या पावसाळ्यात बाई तीन आठवडे तापाने आजारी होत्या. पहिल्यांदाच मी एकटी वर्गाला गेले. खळ मी स्वतः शिजवली होती. पीठ आणि पाणी, दुसरे काही नव्हते. वाट्या वाटल्या. कागद कापून तयार होता. तरी एकही मुलगी खळीत बोट घालेना.

"काय झालं?" मी विचारले.

पुढची एक छोटी म्हणाली, "चाखली नाय अजून."

मी चमचा घेतला. आत काय आहे ते मला माहीत होते, आणि तरी माझा हात तोंडाजवळ थांबला. किती वेळ थांबला ते सांगता येत नाही. मग मी खाल्ले. चाळीस मुली माझ्या गळ्याकडे पाहत होत्या. मी घड्याळ पाहत उभी राहिले. त्यांनी वाट पाहिली, मला काही झाले नाही, आणि त्या कामाला लागल्या.

संध्याकाळी मी बाईंना जाऊन सांगितले. त्या पांघरूण घेऊन पडल्या होत्या. ऐकून त्यांनी डोळे मिटले. मला वाटले, त्यांना बरे वाटले. त्यांनी विचारले, "चाखल्यावर किती वेळ थांबलीस?"

"पाच मिनिटं."

"दहा थांबत जा," बाई म्हणाल्या.

आदरणीय विमलबाईंना उदंड आयुष्य लाभो, त्यांचा हात कमी कापो, गुडघे त्यांना साथ देवोत. त्यांना निश्चिंती लाभो असे मी लिहिणार नाही. ती त्यांना लाभणार नाही, आणि त्यांच्या काळजीची आम्हाला अजून गरज आहे. मागणे एवढेच आहे, की काळजी त्यांनी आता घरी बसून करावी आणि चमचा आमच्याकडे द्यावा. आम्ही दहा मिनिटे थांबू.